चार दहाचे घड्याळ आणि माझे सव्वीस फॉलोअर्स

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.

आजपासून रोजनिशी. प्रसंगच तसा आहे. नगरपालिकेचे पत्र काल आमच्या मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी वाचून दाखवले. (बाई निवृत्त परिचारिका, आवाज अजून वॉर्डातलाच.) महिनाअखेरपर्यंत आपल्या इतिहास संग्रहालयात तीनशे माणसे आली नाहीत, तर ग्रंथालयावरच्या आपल्या दोन्ही खोल्या पाणीपट्टीच्या जुन्या फायलींसाठी घेतल्या जातील. गेल्या महिन्यात एकोणीस आली होती. त्यांतली चार पाणी प्यायला.

सोशल मीडियावर प्रसिद्धी करायची ठरले. मी मानद संग्रहपाल. छत्तीस वर्षे भाषा शिकवलेली. हे काम दुसऱ्या कोणाकडे जाणार? सूनबाईंनी फोनवर संग्रहालयाचे पान उघडून दिले.

संकल्प: रोज एक पोस्ट. फळाची अपेक्षा नाही.

दुपारी १. लाइक शून्य. अपेक्षा नव्हतीच, केवळ नोंद.

४ फेब्रुवारी.

आजची पोस्ट आपल्या मानाच्या वस्तूवर, सूतगिरणीच्या लंबकाच्या घड्याळावर. चार वाजून दहा मिनिटांनी थांबलेले. पुराचे पाणी गिरणीत शिरले तो हाच क्षण, असे मी अकरा वर्षे सांगत आलो आहे. सोळा पानी पुस्तिकाही लिहिली आहे. आपल्याकडे आणले तेव्हा घड्याळ चालू होते, असे काही जण म्हणतात. लोकांची स्मरणशक्ती!

अकराशे शब्द. काळाचे स्वरूप, प्रलय, अनित्यता. तीन लाइक: मी, सूनबाई, सौ. सौ.चा मीच तिच्या फोनवरून दिला. ती भाजी निवडत होती. विचारण्याचे कारण नव्हते.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

घड्याळजी आला. दुकान बंद करून पाच वर्षे झाली, दर गुरुवारी आमच्याकडे येऊन बसतो. शिक्षण जेमतेम. डोळ्याला ते भिंग लावून घड्याळासमोर उभा राहिला आणि स्वतःच्या फोनकडे बघून म्हणाला, मंडळी, हे म्हातारं अकरा वर्षं झोपलंय, दर गुरुवारी थोडं थोडं उठवू या, उठलं तर चहा माझ्याकडून. बस्स. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. ना प्रस्तावना, ना उपसंहार.

सायंकाळी ७. चार हजार व्ह्यूज. यंत्रात बिघाड असावा.

७ फेब्रुवारी. पहाटे.

षड्रिपूंतला सहावा, मत्सर, सर्वांत सूक्ष्म. साधकाने त्याला नित्य शोधावे, म्हणून आज स्वतःत शोधला. सापडला नाही. समाधान वाटले.

जप पूर्ण. एकशे आठ मणी. मधून मधून घड्याळजीचे पान पाहिले, तेही केवळ मोजणी चुकू नये म्हणून. पहिल्या मण्यापासून मेरुमण्यापर्यंत त्याचे दोनशे बारा व्ह्यूज वाढले.

९ फेब्रुवारी.

पोस्टचा विषय: माझी चिठ्ठी-पद्धत. वस्तूला हात लावणाऱ्याने दिनांक, वेळ, कृती लिहून, सही करून चिठ्ठी वस्तूतच ठेवायची. हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला आहे. घड्याळजी पाळत नाही. म्हणाला, गुरुजी, स्क्रूला काय पत्र लिहायचं? इतिहासाची जाण नसली की असे होते.

एक लाइक. सौ.ने तिच्या फोनचा पासवर्ड बदलला आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

घड्याळजीचा दुसरा भाग. लंबक काढून रुमालाने पुसला. लंबक पुसणे पाहायला सहा हजार माणसे! आजपर्यंतचे अभ्यागत त्रेसष्ट. अध्यक्षाबाई मला म्हणाल्या, बघा बघा, असं बोलायचं असतं, नाहीतर तुमचं वाचता वाचता सलाइन लावायची पाळी येते.

मीही व्हिडिओ केला. बावीस मिनिटे, अस्खलित. फोन उताणा राहिल्याने त्यात फक्त छतावरचा पंखा आला. आवाज मात्र स्वच्छ. एकमेव प्रतिक्रिया: पंखा कुठल्या कंपनीचा?

फॉलोअर्स सव्वीस झाले. मोजक्याच पण अभिजात वर्गापर्यंत पोहोचतो आहे.

१५ फेब्रुवारी.

सौ. स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. पाहिले तर घड्याळजी. म्हणाली, अहो, किती साधं बोलतो हो हा! संसाराला त्रेचाळीस वर्षे झाली. माझ्या कोणत्या वाक्यावर ती अशी हसली, ते आठवण्याचा दुपारभर प्रयत्न केला.

संकल्प: मौन. निदान जेवताना.

सायंकाळी. मौन कोणाच्या लक्षात आले नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

तिसरा भाग. अभ्यागत एकशे एकाहत्तर. पुढच्या गुरुवारी लाइव्ह करून घड्याळाचे मागचे फळकूट उघडणार, असे त्याने जाहीर केले. टाळ्या. फळकुटाला!

मी तत्काळ घोषित केले की त्या प्रसंगी पुराचे विवेचन मी करीन. नंतर त्याने मला जिन्यात गाठले. म्हणाला, गुरुजी, तुम्ही नाही आलात तरी चालेल हो, उगाच धूळ, आज जरासं फळकूट सरकवून बघितलं, काही नाही तिथं. नजर चुकवत होता.

कावा ओळखला. आत काहीतरी महत्त्वाचे सापडले आहे आणि श्रेय एकट्याला हवे आहे. हाच तो मत्सर. बिचारा. त्याच्यासाठी प्रार्थना केली. नंतर धोतर इस्त्रीला दिले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८.

आज विशेष काही नाही.

८.४०. लिहायचा नियम आहे, म्हणून लिहितो.

खोली तुडुंब. अभ्यागत दोनशे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे अजून बारा हवेत. फोनवर नऊ हजार माणसे. सौ. पहिल्या रांगेत, आमच्या पंधरा वर्षांच्या उपक्रमांना एकदाही आली नव्हती. त्याने फळकूट उघडले, हात आत घातला आणि काहीतरी मुठीत दाबून खिशाकडे नेले. मी पाहिले. सर्वांसमक्ष म्हणालो की पुरावा दडपला जात आहे. तो हळूच म्हणाला, जाऊ द्या हो गुरुजी, किराण्याची यादी असेल कुणाची. मी म्हणालो की इतिहासात जाऊ द्या नसते. सौ. म्हणाली, अहो, बसा ना खाली. बसलो नाही. मूठ उघडवली. चिठ्ठी.

ती उंच धरून फोनसमोर आलो. प्रथम अक्षराकडे लक्ष वेधले: किती वळणदार, किती संस्कारित! गिरणीचा कोणी विद्वान अधिकारी असावा. हल्ली असे लिहिणारे उरले नाहीत. मग खणखणीत आवाजात वाचले:

"सायंकाळी चार वाजून दहा मिनिटे. घड्याळास किल्ली पूर्ण दिली. खात्रीसाठी आणखी दोन फेरे. आतून मोठा आवाज झाला. घड्याळ विश्रांती घेत आहे."

खाली सही होती. वेग आलेला असल्याने तीही वाचली.

पंखा कोणत्या कंपनीचा आहे, ते आता मला पाठ आहे. बराच वेळ तिकडेच पाहत होतो.

घड्याळजी म्हणाला, मंडळी, स्प्रिंग म्हातारी होती, आज ना उद्या तुटायचीच. खोटे बोलला. माझ्यासाठी. हे त्याला कधीही क्षमा करणार नाही.

नवी स्प्रिंग त्याने खिशातून काढून बसवली. पावणेपाचला घड्याळ चालू झाले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सौ.नेही. मग ती उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. 

२८ फेब्रुवारी, शनिवार.

अभ्यागत चारशे सहा. खोल्या वाचल्या. अध्यक्षाबाईंनी पत्र फाडण्यापूर्वी मला दाखवले.

संग्रहपालपदाचा राजीनामा लिहिला. चार पाने. बाई म्हणाल्या, ठेवा तो खिशात, माणसं खोळंबलीत, तुम्हालाच विचारताहेत.

२ मार्च, सोमवार.

चिठ्ठी आता काचेच्या पेटीत, घड्याळाशेजारी. खाली घड्याळजीची पाटी: आमच्या गुरुजींच्या हस्ताक्षरात. पुराच्या पुस्तिकेच्या चारशे अठ्ठ्याऐंशी प्रती माळ्यावर. घड्याळाची किल्ली घड्याळजीच्या गळ्यात, दोऱ्याला. मी नुसता घड्याळाकडे वळलो तरी तो दोरा धरतो.

आलेले लोक चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती करतात. आज सात वेळा वाचली. "विश्रांती घेत आहे" यापूर्वी थोडा विराम घेतला, तर परिणाम वाढतो. सातव्या वेळी सौ. दाराशी उभी होती. हसली. मोठ्याने हसली.

सायंकाळी ७. अखेरची मोजणी. घड्याळाच्या व्हिडिओला एकोणीस हजार लाइक, माझ्या चिठ्ठीवाचनाच्या व्हिडिओला एकवीस हजार.

मी पुढे आहे.