जुन्या जागेवरचा तंबू

अदिस अबाबा,
१४ तिर, तिमकेतचा सण उरकल्यावर

प्रिय येशे,

देवाच्या कृपेने मी बरी आहे. गुडघे तेवढे रुसलेत, चौथ्या मजल्यावर राहायला येताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुला झोप लागते का, जेवतेस का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या लेकाच्या हाती देते आहे. आईच्याच हातात दे, असं सुराफेलला बजावलंय.

परवा गॅलरीत कॉफीचे दाणे भाजायला घेतले, तर खालची बाई वर आली. मला वाटलं, वासाने आली. मी बसायला स्टूल सरकवलं. ती म्हणाली, "आजी, धूर आमच्या कपड्यांना लागतो, जरा आत भाजाल का?" बाई वाईट नाही. पण कॉफीच्या वासावर माणूस तक्रार घेऊन येतो, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. आपल्या गल्लीत दाणे तव्यावर पडले की तू भिंतीपलीकडून ओरडायचीस, "झेनू, करपवतेस की काय? थांब, आलेच." मग तिसरा कप झाल्याशिवाय उठायची नाहीस. ताफेसे दारात येऊन म्हणायचे, "हिचं लग्न माझ्याशी झालंय की तुझ्याशी, तेच कळत नाही."

गल्ली पाडल्यावर मिळालेल्या या नव्या घरात नळ आहे, छप्पर गळत नाही. मी नळाला नावं ठेवत नाही. पण छप्पर गळायला लागलं की तू परात घेऊन यायचीस, ती आता कशाला येशील?

हे सगळं लिहिते आहे ते त्या दिवसाचं टाळायला. आता लिहितेच.

सुराफेलने गाशे बेझाबेहना फोन केला, "बाबा गेले." म्होरके म्हणून गाशेंनी आपल्या इदिर मंडळातल्या सगळ्यांना कळवलं, "ताफेसे गेला, तंबू काढा." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. गल्लीत कुणाकडे मयत झालं की इदिरने तंबू ठोकायचा, मोठी पातेली चढवायची, त्या घराला एकटं सोडायचं नाही, एवढंच आपल्याला ठाऊक. त्याला पत्ता कधी लागला होता? शहराच्या चारी टोकांहून बस बदलत सगळे आले, आणि पायांना सवय होती तिथेच आले. तुझं पाडलेलं घर होतं तिथे विटांचे तुकडे बाजूला सारून आम्ही तंबू उभारला. तुझ्या चुलीच्याच जागी मी चूल मांडली. गाशे म्हणत होते, "येशे गर्दीत अडकली असेल, येईल." आणि तिकडे तुझ्या नव्या इमारतीत सुराफेलला वाटत होतं, आम्ही गर्दीत अडकलोय.

तू एकटी बसून राहिलीस, ताफेसेंना अनोळखी माणसांनी खांदा दिला, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. तू गाशेंना फोनवर एवढंच म्हणालीस, "तुमचा इदिर माझ्यासाठी मेला." ते आम्हाला सांगताना म्हातारा रडला.

कुणी आलं नाही असं तू म्हणतेस. सगळे आले होते गं. आंधळा दामटेसुद्धा काठी टेकत आला होता. आम्ही दिवसभर ताफेसेंसाठी रडलो आणि ज्या बाईसाठी आलो होतो, तीच तिथे नव्हती.

आता काही जण म्हणतात, माणसं विखुरली, इदिर मोडा, तंबू विका. मी तंबू घरी आणलाय. ठेवायला जागा नाही म्हणून त्याची घडी घालून तिच्यावरच झोपते. विकायला कुणी आलं तर आधी मला उठवावं लागेल. खरं सांगू? मला भीती वाटते, येशे. उद्या मी गेले तर खालची बाई फार तर खिडकी लावून घेईल.

ताफेसेंचा चाळिसावा दिवस जवळ आलाय. गाशेंनी सगळ्यांना विचारलं, कुणी नाही म्हणालं नाही. तुझ्या इमारतीसमोर तंबू ठोकायचा आहे. पातेली मी घासून ठेवली आहेत. कॉफीही मीच करणार, आणि तिसऱ्या कपाआधी कुणाला उठू देणार नाही.

सुराफेल पत्ता सांगत होता. मी त्याला गप्प केलं. तो तुझ्या हातून यायला हवा. याच कागदाच्या मागे लिही, इमारत कुठली, मजला कितवा, दार कुठल्या बाजूला. तुला कधी पत्ता विचारावा लागेल, असं वाटलं नव्हतं. आज विचारते आहे.

पत्ता आला नाही, तर आम्ही पुन्हा जुन्याच जागी जाऊन बसू. दुसरी जागा आम्हाला माहीत नाही.

तुझी भिंतीपलीकडची,
झेनेबेच