डाव्या हाताचा क्लच

९ जानेवारी १९५५, रवि.

चाचा हो म्हणाले. तीन रविवार मी मागे लागले होते, गॅरेजात काम करू द्या म्हणून. "बेटी, हे पोरींचं काम नाही" इथून सुरू झाले आणि "बरं, पण साडी सांभाळ, पंख्यात अडकली तर तुझ्या आईला तोंड दाखवता येणार नाही मला" इथे आले.

ठाण्याला घोडबंदर रस्त्याच्या तोंडाशी रहमानचाचांचं गॅरेज. दादाने तिथे अकरा वर्षं काढली. लाल गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तशीच आहे. दोनच माणसांची, उघडी, जमिनीला चिकटलेली विलायती गाडी. नवी कोरी असतानाच कुणा साहेबाने आंब्याच्या झाडावर घातली. चाचांनी भंगारात घेतली, दादाला म्हणाले, "चालती केलीस तर तुझी." दोन वर्षं तो तिच्यामागे होता. चालती झाली. त्यानंतर पंधराच दिवसांनी लॉरीखालचा जॅक घसरला.

डावा पाय मांडीतून गेला. जूनपासून दादा खिडकीकडे पाठ करून बसतो.

क्लच डाव्या पायाने दाबतात. बाकी सगळं त्याच्याजवळ आहे. म्हणजे प्रश्न एका पेडलचा आहे.

मी बी.एस्सी. आहे. दादाने इंग्रजी तिसरीतून शाळा सोडली म्हणून मी बी.एस्सी. आहे. घरात हे कुणी बोलून दाखवत नाही.

१४ जाने.

संक्रांत. दादाला तिळगूळ दिला. घेतला, बशीतच ठेवला. गोड राहू दे, नुसतं बोलला असता तरी चाललं असतं.

त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. शनि-रवि शाळेत जादा तास घ्यायचे आहेत असं सांगून डोंबिवलीहून निघते. खोटं बोलायला आवडत नाही. पण आधी सांगितलं आणि मग जमलं नाही तर? पुरं करूनच दाखवायचं.

१६ जाने., रवि.

दादाचा जुना खाकी शर्ट साडीवर चढवला, पदर खोचला, गाडीखाली शिरले. डोळ्यात माती. सखाराम फिटर म्हणाला, "बाई, आधी फळ्यावर आकृती काढा, मग आम्हाला समजावा." सगळे हसले. मीही. मग खरंच खडू मागितला आणि शेडच्या फरशीवर आकृती काढली. पेडल, तिथून सळई, सळईच्या टोकाला क्लच. सखारामने उकिडवं बसून माझी एक रेघ बोटाने पुसली, दुसरीकडे काढली. "आता बरोबर." त्यानंतर चेष्टा नाही.

ठरलं ते असं. गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा उभा करायचा. तो मागे ओढला की क्लच दबेल. पण डावा हात एकच. त्याने क्लच धरून ठेवायचा की गिअर बदलायचा? चाचांनी भंगारातून एका लॉरीचा हँडब्रेक काढून दिला. त्याला दाते आहेत, खटका आहे. ओढला की अडकून राहतो, बटण दाबून हळूहळू सोडता येतो. म्हणजे क्लच अडकवायचा, गिअर टाकायचा, मग सोडायचा.

यंत्र माणसाने केलं आहे, तर ते माणसाच्या मापाचं करून घेता आलंच पाहिजे. हे उद्या वर्गात सांगणार.

२३ जाने., रवि.

सपशेल फसलं. दांडा लांब केला, म्हणजे हाताला जोर कमी लागेल. तरफेचा नियम. जोर खरंच कमी लागला. पण गिअर टाकला तर आतून दात खाल्ल्यासारखा आवाज.

चाचा : "अगं, जोर वाचवलास तर चाल गेली ना! तुझा दांडा हातभर फिरतो आणि आत क्लच नखाएवढा हलतो."

हेही त्याच नियमात आहे. आठवीच्या मुलींकडून पाठ करून घेते मी.

२५ जाने.

वर्गात पुढच्या बाकावरून, "बाई, तुमच्या नखांना काळी मेंदी?" रॉकेल, लिंबू, राख, सगळं झालं. निघत नाही. आईने बघितलं. हातावर गोडं तेल ओतलं. तिला कळलंय.

६ फेब्रु., रवि.

पेडल अडचण करत होतं, काढून टाकलं. सळई जोडायला दांड्याला तीन ठिकाणी भोकं पाडून पाहिली, मधलं बरोबर लागलं. खटक्याचे दाते झिजले होते, कानशीने एकेक उभा केला. दोन रविवार त्यातच गेले. बोटांची सालं निघाली. आज क्लच पुरता सुटला! गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

जोर बराच लागतो. पण मला झेपतो, तर दादाला का नाही? त्याचे दंड माझ्या दुप्पट.

१३ फेब्रु., रवि.

आज रस्त्यावर. चाचा तीन आठवडे मला आवारात गाडी शिकवत होते, आधी पेडलवर, मग दांड्यावर; आज खाडीपर्यंत जाऊन आलो. चाचा शेजारी डोळे मिटून बसले होते, परत येताना उघडले. केसांत सगळी धूळ. डाव्या हाताने ओढ, अडकव, गिअर, सोड. एकदाही बंद पडली नाही.

उतरल्यावर चाचा म्हणाले, "वसंताला आण आता. आम्ही सगळे बॉनेट उघडून बघत बसतो, तो गाडी चौकापर्यंत नेऊन आणायचा आणि आजार सांगायचा. चालवता आलं की त्याची जागा त्याची. मी कुणाला दिलेली नाही."

रस्ताभर हेच घोकत आले. जागा दिलेली नाही. जागा दिलेली नाही.

१९ फेब्रु., शनि.

दादाला सांगितलं. आधी कळलंच नाही त्याला. मग, "क्लच? हाताने?" मग प्रश्नांवर प्रश्न. सळई कुठली, वेल्डिंग कुणी केलं, खटका सुटला तर. आठ महिन्यांत एवढं बोलला नव्हता. संध्याकाळी दाढी केली. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून.

उद्या.

२० फेब्रु., रवि.

लिहवत नाही. तरी लिहिते.

ठाणे स्टेशनपासून टांगा. गॅरेजात सगळे कामं सोडून उभे. सखारामने गाडीला झेंडूचा हार घातलेला, मी नारळ फोडला. दादाने बॉनेटवर नुसता हात ठेवला, बराच वेळ. कुबड्या माझ्याकडे दिल्या, आत बसला. मी शेजारी बसू का? "नको. एकटा."

इंजिन लागलं. दांडा ओढला, अडकला. गिअर पडला. मग बटण दाबून सोडू लागला, आणि दांड्याने त्यालाच ओढलं. गुळगुळीत चामड्याची सीट. तो पुढे घसरला, उजवा पाय अॅक्सिलरेटरवर दाबला गेला, हात सुटला. गाडी उडी मारून तेलाच्या पिंपांवर.

लागलं नाही, लागलं नाही, असं सगळेच म्हणत होते. दादाही. मग पँटवर डाव्या बाजूला डाग दिसला. मांडीचा व्रण आदळला होता.

टांग्यात एवढंच म्हणाला, "छान केलंयस गं, कुमे."

त्यापेक्षा मारलं असतं तर.

२३ फेब्रु.

पुन्हा खिडकीकडे पाठ. आता जेवणाचं ताटही तिथेच मागतो.

२६ फेब्रु., शनि.

शाळेतून परस्पर गॅरेज. पुढचं चेपलेलं मडगार्ड सखारामने ठोकून सरळ केलं आहे. मी बसले. वीस वेळा दांडा ओढला, सोडला. कशात काही बिघाड नाही. मग दादाच का घसरला? त्याला सवय नाही म्हणून?

खाली वाकले तर रबरी मॅटवर डावीकडे एक खळगा. माझ्या टाचेचा.

प्रत्येक वेळी मी डावा पाय रोवून ओढत होते. मला कळतसुद्धा नव्हतं. पाय उचलून दांडा ओढून पाहिला. घसरले. अगदी त्याच्यासारखी.

ज्याला डावा पाय नाही त्याच्यासाठी केलेली गाडी मी डाव्या पायाच्या जोरावर चालवत होते. सगळ्यांना दाखवत होते. पदवी घरात भिंतीवर लावली आहे.

२७ फेब्रु., रवि.

दादाजवळ जाऊन बसले. टाचेचं सांगितलं. म्हणाला, "माहीत आहे. दांडा सोडताना पहिल्या झटक्यालाच कळलं."

"मग बोलला का नाहीस? आठ दिवस!"

"काय बोलू. एवढी नटूनथटून नारळ फोडलास."

रडू आलं. म्हटलं, मी विसरले रे, तुला पाय नाही हेच विसरले.

तो म्हणाला, "तेच तर. आई पाट सरकवते, शेजारी दार धरतात, चाचा तोंड फिरवतात. तू एकटी विसरली होतीस. सीटवर बसेपर्यंत मीपण विसरलो होतो."

याचं काय करू मी?

६ मार्च, रवि.

कमरेला पट्टा, सीटच्या मागून घेतलेला. डाव्या कुल्ह्यापाशी लाकडी ठोकळा. सुताराला स्वतः बसून दाखवलं. मग डावा पाय दुमडून जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधला आणि तसंच खाडीपर्यंत जाऊन आले. पायाला मुंग्या. पण घसरत नाही. अजिबात नाही!

धावत घरी. दादाला सगळं सांगितलं. या वेळी मी विचारलंसुद्धा, ये ना, तूच सांग पट्टा किती वर हवा.

"नको, कुमे."

"एकदाच."

"तू पाय बांधतेस. परत आलीस की सोडतेस. मग पळत पळत जिना चढतेस."

पिशवीतून लुगड्याची पट्टी काढून घडी घातली.

९ मार्च

दादाने मला न सांगता चाचांना कार्ड घातलं होतं. गाडी विकायची. कल्याणचे एक डॉक्टर घेताहेत. त्यांना होती तशी हवी, पेडलसकट. पट्टा नको, दांडा नको. पुढच्या सोमवारी सकाळी नेणार.

आणि दादा एप्रिलपासून कल्याणला लाकडाच्या वखारीत जाणार. आवक-जावक लिहायची. "बसून करायचं काम आहे," म्हणाला, आणि हसला. तसं हसणं मला नको.

चाचांनी जागेचं पुन्हा सांगून पाठवलं. दादा म्हणतो, उपकाराची जागा नको.

दांडा काढायला सखाराम आहे म्हटलं. तर दादा म्हणतो, "तू बसवलास, तू काढ. मी येतो बरोबर." का येतो? का बघायचंय त्याला?

१३ मार्च, रवि.

गेलो. दादा गाडीजवळ स्टुलावर बसला, मी खाली. पहिला नट फिरेना. हिसके देत होते. वरून आवाज, "ढकलू नकोस, ओढ. पाना स्वतःकडे ओढायचा. निसटला तर बोटं फुटत नाहीत." दोन महिने मी ढकलत होते. कुणी सांगितलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

मग तो सांगत गेला. कुठल्या नटाला आधी तेल, किती वेळ थांबायचं, बोल्ट कुठल्या क्रमाने गोणपाटावर मांडायचे म्हणजे बसवताना शोधावे लागत नाहीत. "घाई नको, ती काही पळून जात नाही." एकदा मी चुकीच्या अंगाने फिरवलं तर "बी.एस्सी.ला उजवं-डावं नसतं का गं?" असं म्हणाला. सखाराम खो खो हसला. मीही हसले, गाडीखाली, आणि डोळ्यांत माती गेली म्हणून बरं झालं.

मला हे असं शिकायचं होतं. बसवताना. काढताना नव्हे.

दुपारी दांडा सुटून हातात आला. दादाने मागितला. उलटसुलट पाहिला, दात्यांवरून अंगठा फिरवला.

"हे कुणी कानसले?"

"मी."

"सगळे?"

"हो. दोन रविवार."

पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, एकेका दात्यावरून.

ऊन उतरलं. गोणपाटावर एका बाजूला पेडल, त्याचे बोल्ट. दुसऱ्या बाजूला दांडा, पट्टा, ठोकळा. मी पेडल उचलायला गेले तर म्हणाला, "राहू दे. तू जा घरी, आई एकटी आहे. पुढचं मी करतो."

"तुला खाली वाकता—"

"मी करतो म्हटलं ना. पाना दे."

दिला. स्टुलावरून खाली फरशीवर उतरला, एका हातावर भार देऊन. मी हात पुढे केला नाही. चाचा म्हणाले, मी आणून सोडतो त्याला. काय बसवणार आहेस, पेडल की दांडा, हे विचारायला तोंड उघडलं. मागे वळून बघितलं तर त्याची पाठ माझ्याकडे. गोणपाट त्याच्या आड.

दिवे लागले. डॉक्टर सकाळी येणार. आईने दोनदा विचारलं, वाढू का. म्हटलं, थांबू या.