सगळ्यांना होय म्हटलेला गोठा

मी, धोंडुबाई केरबा चौगुले, वय एक्याऐंशी, धंदा म्हशींचा, राहणार गंगावेश, कोल्हापूर, हे मृत्युपत्र सांगते आणि श्रेणिक वकील लिहून घेतात. मला अक्षर येत नाही. अक्कल शाबूत आहे, वकिलांनी दोनदा तपासली. कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. गोठा व त्यापुढची खोली मी मुलगा उदयसिंह याला "तुझीच" म्हणून सांगितली आहे. मुलगी क्रांती हिलाही तेच सांगितले आहे. आता दोघे एकदम मागतात आणि गोठा एकच आहे.

२. क्रांतीची लेक संयोगिता पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे. दिवाळीत तिच्या लॅपटॉपमधला एक प्रोग्राम चालता चालता नाहीसा झाला. मी विचारले, "गेला कुठं गं?" म्हणाली, "आज्जी, मेमरी संपली, म्हणजे आत काम मांडायची जागा. मशीन मागंल त्या प्रोग्रामला होय म्हणतंय, सगळे एकदम मागत न्हाईत म्हणून. एकदम मागितलीच, तर सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्याला मारतंय."

मी त्या डब्याला हात जोडले. ताटाएवढी वस्तू, आणि तिच्यात माझा अख्खा गोठा!

३. कारण पाच म्हशींवर मी सहा म्हशींच्या दुधाचे रतीब लावले होते. रोज कोणीतरी गावाला जायचे आणि भागायचे. एका कोजागिरीला सगळेच भांडी घेऊन दारात. मी सगळ्यात मोठा रतीब तोडला. तो मुलींच्या वसतिगृहाचा निघाला. चाळीस पोरी दुधाविना राहिल्या. ते आजही घशाखाली उतरत नाही.

४. तरी संयोगिताने मशीनला माझा निरोप द्यावा. पुरणार नसेल तर दारातच न्हाय म्हणावे. एक चरवी झाकून ठेवावी, भांडण मिटवणाऱ्याला घोटभर लागतेच. कोणाला काढायचेच झाले तर आधी हाक मारावी, भांडे खाली ठेवायला वेळ द्यावा. आणि नुसता आकार बघू नये, मागे किती तोंडे आहेत ते विचारावे. एवढे थोर मशीन, ते शिकेल. मला ऐंशी वर्षे लागली.

५. घरात सगळ्यात जास्त उदयसिंहाने खाल्ले असे सगळे म्हणतात. पोट बघितले तरी पटते. पण पहाटे उठून धारा तोच काढतो, आणि त्याच्यामागे पाच म्हशी व तीस घरे आहेत. गोठा व खोली उदयसिंहाला.

६. माझी झाकलेली चरवी म्हणजे सोन्याच्या चार पाटल्या. त्यांना मी कोणालाच होय म्हटले नव्हते. त्या क्रांतीला. पोरी, खोलीला मात्र न्हाय. मेल्यावर कागदातून कळवणे सोपे होते, पण आधी हाक मारावी असे वर मीच सांगितले आहे.

क्रांती समोरच बसली आहे. हे ऐकून म्हणाली, "आई, जन्मात पयल्यांदा न्हाय म्हणालीस. आधी म्हणाली असतीस तर मी त्या खोलीचे पडदे तरी शिवले नसते की!" हे लिहू नका म्हणते. वकील, लिहा.

अंगठ्यासाठी शाईचे पॅड तिनेच धरले आहे.

निशाणी अंगठा: धोंडुबाई केरबा चौगुले

साक्षीदार:
१. सम्मेद मगदूम, शेजारी
२. स्वप्नाली भोसले, त्या चाळिसांतली एक, आता रतीब एक लिटर

कोल्हापूर, १२ नोव्हेंबर २०२४