आईच्या कागदावर तुझं नाव

धाकटे,

मी कामावर निघालेय. आईला सकाळची गोळी दिलीय. दुपारची डबीत आहे. ती नको म्हणेल, तरी दे.

काल आईचे कागद करताना वकीलबाईंसमोरून मी फोन आला म्हणून उठले, तो फोन आलाच नव्हता. आईची शुद्ध हरपली तर इस्पितळात तिच्या वतीने कोणी ठरवायचं, तिथे तिने तुझं नाव सांगितलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. घर तिने दोघींना सारखं दिलंय, त्याचं मला काही नाही. पण नऊ वर्षं तिची नखं मी कापतेय, आणि तुला इथे राहायला येऊन दोन महिनेही झाले नाहीत. तुझा इतका हेवा मला लहानपणीसुद्धा वाटला नव्हता.

आज तिची वेणी घालताना विचारलंच, "माझं काय चुकलं गं?"

म्हणाली, "काही नाही. पण तू मला जाऊ देणार नाहीस. नळ्या लावून वर्षभर ठेवशील. धाकटी रडेल, पण डॉक्टरांना थांबा म्हणेल."

खरंच आहे ते.

'वाचलं, मान्य आहे' या ओळीखाली मी सही केलीय. कागद कपाटात वरच्या खणात आहे. राग अजून गेलेला नाही, तेव्हा आज मला समजवायला येऊ नकोस.

आणि ती वेळ आलीच, तर आधी मला खोलीबाहेर काढ. मी भांडेन, नाही नाही ते बोलेन. ऐकू नकोस.

ताई