पितरांच्या पानाशेजारचा दुसरा गिलास

अमर बाबू,
तुले खुशालभाऊचा आशीर्वाद.

तुहा पत्ता कोणाजवळच नाई, म्हणून हे पत्र दुकानाच्या गल्ल्यातच राहीन.

काल अक्षय्य तृतीया झाली. बाबा गेल्यापासून आपण पितरांच्या पानाशेजारी दुकानातला फालुदा ठेवतो, तुले ठाऊकच आहे. तळाशी सब्जा, वर शेवया, गुलाबाचं सरबत अन् माथ्यावर आईस्क्रीमचा गोळा, बाबा बनवत तसाच. काल मी गिलास भरत होतो, तं माय हळूच म्हणाली, "खुशाल, औंदा दोन भर. नऊ वर्षं झाले. अमर जिता असता तं एखादा फोन तरी आला असता."

मी दुसरा गिलास भरला, पण हात काई पानाकडे जाईना.

तू बाबाची सोड्याची मशीन भंगारात विकली, त्या दिवशी दुकानात आपण दोघंच होतो. मी म्हटलं होतं, "आजपासून तू मले मेला." संध्याकाळच्या गाडीनं तू वडसा सोडलं. मायले मी हे कधी सांगितलंच नाई.

काल सांगितलं. ती लय वेळ रडली. मंग पदरानं डोळे पुसून एकदम माह्यावर खेकसली, "म्हंजे पोरगा रुसून बसला आहे! मंग त्याले पितरात काऊन बसवून राह्यला? ठेव तो गिलास फ्रीजात."

गिलास फ्रीजातच आहे, बाबू. गिऱ्हाइकानं मागितला तरी देत नाई.

आपला शब्द मागं घेणारा,
तुहा भाऊ खुशाल