उघड्या छपराची गाडी

१२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी

चि. दाभण यास,

अनेक आशीर्वाद. पत्र फोडलंस ना? मग आता चष्मा शोधत फिरू नकोस, तो कपाळावर आहे. तिथे नसेल तर मशीनच्या खणात बघ, आणि तिथेही नसेल तर सुनेला हाक मार. स्वतःच्या लग्नाला एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून उभा राहिलेला माणूस तू. मधल्या दोन आठवड्यांत आपल्याला आई आहे हेही कदाचित विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. आहे अजून. गुडघे सोडून बाकी सगळी आहे.

अक्षर बघून दचकू नकोस. मला एका रात्रीत विद्या आलेली नाही. आमच्या खालच्या मजल्यावर टायपिस्टबाई राहतात, निवृत्त झालेल्या, त्या लिहून घेताहेत. मी त्यांना बजावलंय, मी बोलेन तसंच लिहायचं, माझं काही सुधारायला जायचं नाही. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं साहेबलोकांचं न सुधारता लिहिलं, तुमचं जड नाही जाणार." जिभेला धार आहे. माझं जमतं त्यांच्याशी.

धाकटीनं लिहून दिलं असतं, पण तिला बँकेतून यायला उशीर होतो आणि आल्यावर ती फ्रिजशीच बोलते. ते एक कारण. दुसरं पुढे सांगते.

फोन केला असता. पण फोनवर तू "हं" म्हणतोस, मी "जेवलास का" म्हणते, मग आपण दोघं हवेवर येतो, ऊन फार आहे म्हणतो आणि ठेवून देतो. गेले दोन रविवार तर तू "हं"सुद्धा म्हणालेला नाहीस.

इकडची खबर म्हणशील तर न्हाणीघरातला नळ अजून गळतो. प्लंबर येऊन बघून गेला, नळ पूर्वी थेंब थेंब गळायचा, आता धार लागली आहे. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं दात बसवले आणि तो आता कोणाकडेही बघून हसतो. आणि धाकटीच्या जावयानं, आपल्या नातजावयानं, गाडी घेतली.

ही गाडीची गोष्ट तुला नीट सांगते. जशी काही तुला ठाऊकच नाही.

गाडी आणायला कोण जाणार यावर त्यांच्या घरी बरीच चर्चा झाली. नातीला रजा मिळाली नाही, धाकटीला बँक सुटेना. मग जावईबापू म्हणाले, "आजींना नेऊ या, घरातल्या सगळ्यांत मोठ्या त्या." मी निघाले. नातीच्या सासूबाई, म्हणजे आपल्या विहीणबाई, त्याही निघाल्या. तू त्यांना कधी पाहिलं नव्हतंस. त्यांच्या घरी चमचा ठेवायलासुद्धा वेगळी बशी असते, एवढं सांगितलं की कळेल.

शोरूम म्हणजे आरशांचं घर. जिकडे बघावं तिकडे मीच, आणि कुठूनही बघितलं तरी तेवढीच म्हातारी. गाडीवर लाल चादर घातलेली. एका टायवाल्या साहेबांनी ती झटकन ओढली, आणि आत काय, तर गाडीला छप्परच नाही! मी म्हटलं, "अहो, एवढ्या पैशांत पत्रा पुरला नाही का?" टायवाले हसले. त्यांनी एक खटका ओढून दाखवला. मागचं झाकण उघडलं, आतून घडी केलेलं कापडाचं छप्पर उठलं, माझ्या डोक्यावरून सरकत पुढे आलं आणि काचेला जाऊन टेकलं. मग मला म्हणाले, "आजी, तुम्ही ओढून बघा." मी ओढला. दोनदा. तिसऱ्यांदा ओढणार होते, जावईबापूंनी हात धरला.

मग मी ते छप्पर चाचपलं. सवय, दुसरं काय. शिवणीवरून अंगठा फिरवला. दुहेरी शिवण, टाका बारीक, पण कोपऱ्यावर कापड ताणून घेतलेलं. तिथे वळण देताना एक चुणी सोडायची असते, ती सोडलेली नव्हती. मी म्हटलं, "हा कोपरा उसवेल." विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हाला यातलं कळतं?"

आणि मी काय म्हणाले सांगू? "तरुणपणी शिवणकामाचा शौक होता."

शौक. तुझे बाबा आणि मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवून शिवून बोटांची चाळण करून घेतली, तुला सातवीतून काढून दाभण हातात दिलं म्हणून तुला तेच नाव पडलं, आणि त्या सगळ्याचं नाव मी शौक ठेवलं. बाई लिहिता लिहिता थांबल्यात. लिहा हो. याच्यापेक्षा वाईट पुढे आहे.

तर निघालो. गुडघे दुमडत नाहीत म्हणून मी पुढे, विहीणबाई मागे डोक्याला रुमाल बांधून. मी माझी करडी शाल घट्ट गुंडाळली होती. खोटं कशाला बोलू, मजा आली. आयुष्यभर आपण दुसऱ्यांच्या गाड्यांना छपरं घातली, छपराशिवाय कधी बसलो नव्हतो. वारा सगळीकडून. सिग्नलला शाळेची बस शेजारी उभी राहिली, पोरांनी खिडक्यांतून हात हलवले, मीही हलवले. पेट्रोलपंपावरच्या माणसानं सलाम ठोकला. मी मान अशी डोलवली की जणू पंप माझाच आहे.

मला वाटलं होतं आम्ही पुलावरून जाऊ. पण पुलावर गर्दी म्हणून जावईबापूंनी गाडी कारखान्यांच्या रस्त्याला घातली.

तुझ्या रस्त्याला.

त्या वळणावरून माझा जीव खाली-वर व्हायला लागला, तो का, हे तुला कळायला हवं. नातीचं लग्न कोर्टात आहे, दोन साक्षीदार पुरतात, कोणालाच बोलावलेलं नाही, असं मी तुला सांगितलं होतं. चाळीस माणसं जेवली त्या दिवशी. विहीणबाईंनी विचारलं, "मामा नाही आले?" मी म्हटलं, "तो गाड्यांच्या धंद्यात आहे. कामानिमित्त बाहेरगावी." धाकटी तिथेच उभी होती, ती गप्प राहिली. तिच्यावर घालू नकोस, नातीवरही नको, तिचं तोंड मीच बंद केलं होतं. त्या गप्प बसल्या, बोलले मी. तुझ्या बोटांना काळं मेण असतं, चहा तू बशीत ओतून फुंकर मारून पितोस, आणि पोरीचं जमतंय तोवर जमू दे, असं मी मनाशी म्हणाले. मग जमलं, झालं, वर्ष उलटलं, आणि तू बाहेरगावीच राहिलास. आमच्यापासून अर्ध्या तासावर.

तर तुझ्या दुकानासमोर सिग्नल लाल झाला. तू फुटपाथवर पसरलेल्या ताडपत्रीवर बसला होतास, तोंडात दोरा. गाडी बघून तू मान वर केलीस. घडी केलेलं का होईना, नवं छप्पर दिसलं की तुझी मान वर होणारच. मग पुढे बसलेली मी दिसले. तू दोरा थुंकलास आणि हसलास. हात डोळ्यांवर धरून उठून उभा राहिलास.

मी खटका ओढला.

छप्पर पुढे येईल आणि मी झाकली जाईन, एवढंच डोक्यात होतं. मागून ते उठलं, आणि माझ्या शालीचं टोक उडून त्याच्या सांध्यात गेलं. छप्पर अर्ध्यावर अडकलं, छत्रीसारखं उभं. शाल ताणली, मान आवळली. तोंड फिरवायला गेले तर फिरेना. ज्याच्यापासून लपायचं त्याच्याकडेच तोंड करून मला बांधून ठेवलं होतं. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न, जावईबापू घाबरून खटका मागे-पुढे करताहेत, विहीणबाई ओरडताहेत, "अरे, त्यांचा गळा!"

तू धावत आलास. हातात सामानाची पिशवी. तुझं तोंड उघडलेलं मी पाहिलं, हाक ओठांवर आली होती.

विहीणबाईंनी विचारलं, "ओळखीचे आहेत का तुमच्या?"

मी म्हटलं, "नाही हो. असेल कोणी रस्त्यावरचा कारागीर."

तू हातभर अंतरावर होतास. ऐकलंस. तुझं तोंड मिटलं. मग अगदी शांतपणे म्हणालास, "आजीबाई, मान जरा डावीकडे घ्या."

साठीला टेकलेला माझा मुलगा मला आजीबाई म्हणाला. आणि इतक्या अदबीनं म्हणाला की कोणाला शंकासुद्धा आली नाही.

जावईबापू म्हणाले, "कापा शाल, कापा." तू म्हणालास, "नको साहेब, निघेल." रेक्झिन खोचायची ती लाकडी पट्टी घेऊन तू धागा धागा सोडवलास. तुझी बोटं माझ्या गळ्याशी होती, मेणाचा वास येत होता, आणि मी समोरच्या काचेकडे बघत बसले. कोपरा उसवला होता, मी म्हटलं होतं तिथेच. तो तू उभ्या उभ्या शिवून दिलास. सहा टाके. मी मोजले, दुसरीकडे बघायला जागा नव्हती म्हणून.

आणि मग मीच म्हणाले, "द्या त्यांना काहीतरी."

जावईबापूंनी नोट पुढे केली. मला वाटलं तू घेणार नाहीस. देवा, त्याला घेऊ देऊ नको, असं मनात म्हणत होते. पण न घेणारा कारागीर लोकांच्या लक्षात राहतो. तू घेतलीस, कपाळाला लावलीस, "येतो आजीबाई" म्हणालास आणि ताडपत्रीवर जाऊन बसलास. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू मीच द्यायला लावलेली बक्षिशी घेतलीस.

बाईंनी लेखणी खाली ठेवली होती, आता उचलली. माझी खोड हीच आहे बघ, लिहिता आलं असतं तर एकटीनंच लाजून मोकळी झाले असते. आता हे सगळं एका परक्या बाईसमोर मोठ्यानं बोलावं लागतंय. धाकटीकडून का नाही लिहून घेतलं, ते हे. ती मधे मधे मला माफ करत गेली असती. या करत नाहीत. नुसत्या लिहितात.

पुढचं ऐक. परवा मंगळवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. जावईबापू सांगायला लागले, गाडी तपासायला नेली होती, तिथल्या मिस्त्रीनं तो कोपरा बघितला आणि विचारलं, "हे कोणी शिवलं? आमच्याकडे असा हात नाही." म्हणाले, "त्या माणसाला शोधायला पाहिजे." विहीणबाई म्हणाल्या, "किती सभ्य होता, नाही? किती मायेनं आजीबाई म्हणत होता."

मी घास ताटात परत ठेवला. मी म्हटलं, "शोधायला नको. तो माझा थोरला मुलगा आहे."

सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारीची नेहमीची थट्टा. जन्मभर थट्टा केली की खरं बोलायच्या वेळी असं होतं. मी परत म्हटलं. धाकटीनं मान खाली घातली, तेव्हा हसणं थांबलं.

विहीणबाईंनी विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही म्हणालात…"

"खोटं बोलले."

"आणि आम्ही त्यांच्या हातात नोट ठेवली, ती तुम्ही बघत बसलात?"

"बघत नाही बसले. मीच द्यायला लावली."

त्या उठून आत गेल्या. ताट तसंच राहिलं. मला वाटत होतं, तू ताडपत्र्या शिवतोस हे कळलं की त्या नाक मुरडतील. त्यांनी तुझ्या कामाबद्दल एक अक्षर काढलं नाही. निघताना फक्त मला म्हणाल्या, "मलाही मुलगा आहे हो." तेव्हापासून बोललेल्या नाहीत. बरंच झालं. तुझ्या बाजूनं कोणीतरी माझ्यावर रागवायला हवं होतं, तू तर रागवतही नाहीस.

जावईबापू तुझ्याकडे येणार म्हणतात, मामांची माफी मागायला. मी म्हटलं, तुमची चूक नाही, तुम्ही आधी जाऊ नका. आधी मी. पण तू ये म्हटल्याशिवाय मी तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. तेवढं तोंड मला राहिलेलं नाही.

माफ कर असं मी म्हणत नाही. ते म्हटलं की समोरच्याला काहीतरी बोलावंच लागतं, आणि तू फार लवकर "जाऊ दे" म्हणतोस. सातवीतून काढलं तेव्हाही तेच म्हणाला होतास. या वेळी जाऊ देऊ नकोस. चार दिवस राग धर, अंगाला बरं असतं.

सुनेला आशीर्वाद. तिला सगळं सांगितलं असशीलच. सांगितलं नसशील तर हे पत्र तिला वाचून दाखव, मी समोर उभी आहे असं समजून.

शेवटी बाई विचारताहेत, "तुमची आई असं लिहू ना?" मी नको म्हटलं. खाली नुसता अंगठा उठवते. तिथे काय लिहायचं ते तू ठरव.

(डाव्या हाताचा अंगठा)

ता. क. डबा पाठवायचं मनात आलं तर मुद्दाम काही करू नकोस. गोडाधोडाचं तर नकोच, ते परक्या आजीबाईंना पाठवतात. रात्रीचा उरलेला भात पाठव, गार, आणि भांड्याच्या तळाला लागलेली करपट भाजी, खरवडून.