शिसं लई झालं

आई,

दाराला कुलूप बघून घाबरू नको. अण्णा बरे हायेत. मी त्यांना रिक्षात बसवून नदीवर, देवळाच्या घाटावर घेऊन गेले हाय. दुपारची गोळी दिलीय.

तू औषधं आणायला किनवटला गेलीस, तवापासून ते माळ्यावरच्या गळाकडं बघून राहिले होते. म्हणून मी काठी खाली काढली, नवा दोरा आणि पाण्यावर तरंगायचं बूच बांधलं. मला त्यातलं काय कळतंय? शिशाचे सहा मणी दोऱ्यावर दाबून बसवले आणि अंगणातल्या हौदात सोडून बघितलं, तर मण्यांच्या वजनानं बूच सरळ खाली गेलं.

तवा अण्णा बोलले, आई! लकवा मारल्यापासून चार महिने नुसतं 'अं अं' करणारा माणूस म्हणाला, "पोरी, शिसं लई झालं. बूच बुडवतीस का?"

जीभ जड होती, पण शब्द न् शब्द कळला. मग डाव्या हातानं आणि दातानं त्यांनीच दोन मणी सोडवले. एक गळाच्या वर वीतभर अंतरावर बसवायला लावला. आता बुचाचं लाल टोक तेवढं पाण्यावर राहतंय. "मासा नुसता शिवला तरी दिसलं पाहिजे," म्हणाले.

तू सरळ घाटावरच ये. छत्री आण, ऊन लई हाय. आणि त्यांच्यासमोर रडू नको. मी हौदापाशी रडले, तर म्हणाले, "हितं रड. तिकडं मासे पळतेत."

शिल्पा